जनरल थोरातांचा इशारा आणि दिल्लीचे बहिरेपण

जव्हारच्या पठारावरून दाभोसा गावाकडे गेलेली वाट शेवटी एका कड्यापाशी थांबते. तिथे लेंडी नदी सुमारे तीनशे फूट खाली झेप घेते. उन्हाळ्यात हा कडा निरुपद्रवी दिसतो. श्रावणात मात्र दरी धुक्याने काठोकाठ भरते आणि जमीन कुठे संपली व पोकळी कुठे सुरू झाली हे नवख्या डोळ्यांना उमगत नाही. अशा वेळी गावातल्या वारली किंवा कोकणा वाटाड्याचा शब्द हाच कायदा असतो. मुंबईहून आलेला मनुष्य कितीही विद्वान असो, वाटाड्याने 'पुढे जाऊ नका' म्हटले की तो थांबतो. न थांबणाऱ्याची विद्वत्ता दरीच्या तळाशी पोहोचते.

याच जव्हार परिसरात शिरपामाळ आहे. सुरतेच्या स्वारीला जाताना शिवछत्रपतींचा मुक्काम या माळावर पडला, जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी तेथे महाराजांचे स्वागत केले आणि त्यांच्या मंदिलात शिरपेच खोवला, असे परंपरा सांगते. जानेवारी १६६४ मधील ती स्वारी यशस्वी झाली, कारण तिच्या आधी बहिर्जी नाईक आणि त्यांच्या साथीदारांनी सुरतेचा कानाकोपरा हेरला होता आणि त्यांनी आणलेली बातमी राजाने मानली होती. महाराजांची प्रतिभा सर्वांनी गायिली. त्यांच्या कानांचे माहात्म्य मात्र फारसे कोणी गायिले नाही. जाणत्याचे ऐकणे हा राजधर्माचा पहिला पाठ आहे. स्वतंत्र भारताच्या पहिल्या राज्यकर्त्यांनी तो पाठ गिरविला नाही आणि त्याची किंमत हिमालयातल्या हजारो जवानांनी प्राणांनी चुकविली.

त्या जवानांच्या आणि दिल्लीच्या मधोमध एक मराठी सेनानी उभा होता. त्याने वेळेवर, लेखी आणि नकाशासह सांगितले होते की पुढे दरी आहे. त्या सेनानीचे नाव लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात.

कांगॉपासून कोरियापर्यंत

कोल्हापूर संस्थानातील वडगाव येथे १९०६ साली जन्मलेले शंकरराव १९२६ साली सँडहर्स्टमधून अधिकारी होऊन बाहेर पडले. पंजाब पलटणीत ते दाखल झाले आणि वायव्य सरहद्दीच्या उघड्याबोडक्या डोंगरांत त्यांनी सैनिकी जीवनाचे धडे घेतले. डोंगरात लढाई कशी होते, रसदीवाचून शूर शिपायाचेही काय होते, टेकडीवरचे ठाणे कधी आधार असते आणि कधी सापळा ठरते, हे त्यांना पुस्तकांतून शिकावे लागले नाही.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आराकान किनाऱ्यावर ५१ व्या हिंदी ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे नेतृत्व हिंदी अधिकाऱ्यांकडे होते. एका पलटणीवर थिमय्या, दुसरीवर एल. पी. सेन आणि २/२ पंजाब पलटणीवर थोरात. हिंदी मनुष्य शिपाई म्हणून उत्तम, पण नेतृत्वाला अपुरा, अशी साम्राज्यशाहीची समजूत होती. जानेवारी १९४५ च्या अखेरीस कांगॉच्या रणांगणात ती समजूत या तिघांनी मोडून काढली. थोरातांच्या पलटणीने जपान्यांनी प्राणपणाने राखलेली 'मेलरोज' ही टेकडी संगिनी रोवून जिंकली. तिघांनाही डीएसओ हे शौर्यपदक मिळाले.

स्वातंत्र्यानंतर १९५३ साली कोरियातील युद्धकैद्यांचा गुंता सोडविण्यासाठी भारताने सैन्य पाठविले. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष थिमय्या होते आणि प्रत्यक्ष कैद्यांची जबाबदारी असलेल्या भारतीय संरक्षक दलाचे प्रमुख थोरात. दक्षिण कोरियाच्या सरकारने भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू देण्यास नकार दिला होता, म्हणून त्यांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने छावणीत उतरवावे लागले. मायदेशी परतण्यास राजी नसलेले बावीस हजारांहून अधिक चिनी आणि कोरियन कैदी तेथे होते आणि छावणीच्या कुंपणाआड त्यांच्या टोळ्यांचे राज्य होते. एकदा या कैद्यांनी मेजर ग्रेवाल नावाच्या भारतीय अधिकाऱ्याला ओलीस धरले. गोळीबाराचा हुकूम देणे सोपे होते. त्यात शेकडो कैदी मेले असते आणि भारताच्या तटस्थतेची राखरांगोळी झाली असती. थोरात निःशस्त्र अवस्थेत त्या खवळलेल्या जमावात शिरले, कैद्यांशी बोलले, त्यांचा राग उतरविला आणि आपल्या अधिकाऱ्याला सुखरूप बाहेर घेऊन आले. या कामगिरीबद्दल त्यांना अशोकचक्र वर्ग दोन, म्हणजे आजचे कीर्तिचक्र, प्रदान करण्यात आले.

हा तपशील येथे अशासाठी की पुढे ज्यांना दिल्लीने भयगंडाने पछाडलेला ठरविले ते कोण होते, हे वाचकांच्या ध्यानात यावे. संगिनीच्या लढाईत जिंकलेला आणि हजारो कैद्यांच्या गराड्यात रिकाम्या हातांनी शिरलेला हा मनुष्य भित्रा नव्हता. तो जेव्हा 'धोका आहे' म्हणत होता, तेव्हा धोका खरोखरच होता.

लखनौचा 'लाल किल्ला'

१९५७ साली थोरात पूर्व विभागाचे सरसेनापती झाले. विभागाचे मुख्यालय तेव्हा लखनौला होते आणि सिक्कीमपासून नेफापर्यंतची, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशापर्यंतची सरहद्द त्यांच्या नकाशावर होती. दिल्लीत तेव्हा पंचशीलाचे स्तोत्र चालू होते. सरदार पटेलांनी ७ नोव्हेंबर १९५० रोजी पंडित नेहरूंना पत्र लिहून तिबेट गिळणाऱ्या चीनच्या हेतूंविषयी सावध केले होते. पुढच्याच महिन्यात सरदार गेले आणि त्यांचे पत्रही फायलीत गेले. १९५४ साली तिबेटवरील चीनचे स्वामित्व मान्य करणारा करार झाला. १९५७ साली चीनने अक्साई चीनमधून नेलेला रस्ता पुरा केला आणि ही गोष्ट आपल्या संसदेला कळायला १९५९ चा ऑगस्ट उजाडला.

त्याच ऑगस्टात नेफामधील लाँगजू ठाण्यावर चिनी सैनिकांनी हल्ला केला. आसाम रायफल्सच्या मूठभर शिपायांना हटावे लागले. त्यानंतर पूर्वेकडील सरहद्द लष्कराकडे सोपविण्यात आली. म्हणजे जबाबदारी आली, पण रस्ते आले नाहीत, तोफा आल्या नाहीत, थंडीचे कपडे आले नाहीत. ऑक्टोबर १९५९ मध्ये थोरातांनी आपले मूल्यमापन सैन्य मुख्यालयाकडे लेखी पाठविले. चीनशी संघर्ष होऊ शकतो आणि आजच्या स्थितीत आपण प्रत्यक्ष सीमारेषेवर टिकाव धरू शकणार नाही, हा त्याचा आशय होता. सरसेनापती थिमय्यांनी ते संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यापुढे ठेवले. चीनला राजनैतिक पातळीवर थोपवून धरण्यास आपण समर्थ आहोत असा मेनन यांचा पवित्रा होता, आणि हे टिपण त्यांनी बाजूला सारले, असे थोरातांनी आपल्या आत्मचरित्रात नोंदविले आहे.

दुसरा एखादा अधिकारी येथे थांबला असता. थोरात थांबले नाहीत. मार्च १९६० मध्ये त्यांनी लखनौ येथे 'लाल किल्ला' या सांकेतिक नावाने एक युद्धसराव घेतला. आपल्या पलटणी कुठे आहेत, चिनी कोणत्या खिंडींतून किती बळाने उतरू शकतील, आपल्याला दारूगोळा किती दिवस पुरेल, याचा हिशेब नकाशांवर मांडण्यात आला. निष्कर्ष निखळ लष्करी होता. मॅकमहोन रेषेला चिकटून बसलेली ठाणी पाठीमागे रस्ता नसल्यामुळे तग धरू शकणार नाहीत. त्यांचा उपयोग केवळ शत्रूची चाहूल घेण्यापुरता. खरी लढाई मागे, बोमदिलासारख्या ठिकाणी द्यावी. तिथवर आपली रसद पोहोचू शकते, आणि तिथवर येईपर्यंत शत्रूची रसद हिमालयाच्या खिंडींतून ताणून ताणून क्षीण झालेली असेल.

या योजनेतले शहाणपण समजायला सैनिकी शिक्षण लागत नाही. शत्रूला आत ओढावे, त्याची रसद तोडावी आणि आपल्या सोयीच्या जागी त्याला गाठावे, हे सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या कोणत्याही मराठी माणसाला ठाऊक आहे. अफजलखानाला जावळीत यायला लावले गेले ते काय उगाच? थोरातांची योजना त्याच कुळातली होती. पण दिल्लीला तीत पळपुटेपणा दिसला. सीमेवरची एक इंचही भूमी सोडणार नाही अशी गर्जना संसदेत शोभून दिसते. इंच कसा राखायचा हे सांगणारा सेनापती मात्र डोळ्यांत सलतो.

नेमणूक आणि मर्जी

सैन्याच्या वरिष्ठ पदांवरील नेमणुकांत मंत्र्यांचा हस्तक्षेप हा त्या काळचा उघड विषय होता. ३१ ऑगस्ट १९५९ रोजी थिमय्यांनी राजीनामा दिला. पंतप्रधानांनी समजूत घालून तो मागे घ्यायला लावला आणि मग २ सप्टेंबरला संसदेत सरसेनापतीचीच तक्रार क्षुल्लक ठरविली. राजीनामा मागे घेण्यात थिमय्यांची चूक झाली, असे म्हणायला हवे. ज्याला देशाने वीर मानले तो सेनापती त्या दिवसापासून दिल्लीत शब्दावाचून उरला. त्याच वर्षी, काही ज्येष्ठ अधिकाऱ्यांना मागे टाकून बी. एम. कौल यांना लेफ्टनंट जनरलपदी बढती मिळाली. कौल बुद्धिमान होते, उत्साही होते, अंबाल्याच्या जवानांची घरे त्यांनी झपाट्याने बांधून घेतली होती. पण प्रत्यक्ष रणांगणावर पलटण लढविण्याचा अनुभव त्यांच्या गाठी नव्हता. पंतप्रधानांच्या घरी मात्र त्यांची ऊठबस होती.

मे १९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले. आपल्यामागे थोरातांना सरसेनापती करावे अशी त्यांची शिफारस होती. सरकारने पी. एन. थापर यांची निवड केली. त्याच महिन्यात थोरातही निवृत्त झाले. कौल हे जनरल स्टाफचे प्रमुख म्हणून सैन्य मुख्यालयाच्या केंद्रस्थानी आले.

याच सुमारास सॅम माणेकशा यांच्यावर त्यांच्या खासगी बोलण्यांवरून चौकशी बसविण्यात आली. चौकशीत ते निर्दोष ठरले, पण त्यांची उमेदीची महिने चौकशीच्या सावलीत गेली. ज्याला थोरातांसारखे स्पष्ट बोलता येते त्याला घरी पाठवायचे, ज्याला माणेकशांसारखे फटकळ बोलता येते त्याला चौकशीत गुंतवायचे आणि ज्याला गोड बोलता येते त्याला खुर्ची द्यायची, ही त्या काळची संरक्षणनीती होती.

पाठोपाठ 'पुढे सरका' धोरण आले. नोव्हेंबर १९६१ मध्ये दिल्लीच्या बैठकीत ठरले की चिनी ठाण्यांच्या पुढे-मागे आपलीही छोटी ठाणी रोवायची, चिनी काही करणार नाहीत. लखनौच्या सरावाचा निष्कर्ष याच्या नेमका उलट होता. वाटाड्या कड्यापासून मागे ओढत होता. त्याला बाजूला केल्यावर सारा काफिला कड्याकडे चालू लागला.

नामका चू

जून १९६२ मध्ये थागला पर्वतरांगेच्या पायथ्याशी धोला येथे ठाणे उभारले गेले. ८ सप्टेंबरला चिनी सैनिक थागला ओलांडून खाली आले. ब्रिगेडियर जॉन दळवी यांच्या सातव्या ब्रिगेडला नामका चू नदीच्या अरुंद दरीत उतरविण्यात आले. वर डोंगरमाथ्यावर शत्रू, खाली दरीत आपण. अंगावर सुती गणवेश, बंदुकीला मोजक्या गोळ्या, विमानातून टाकलेल्या रसदीतली निम्मीअधिक दऱ्याखोऱ्यांत गडप. या जागी लढणे अशक्य आहे असे सांगणाऱ्या कोअर कमांडर उमरावसिंगांकडून नेफाची जबाबदारी काढून घेण्यात आली आणि नव्याने उभ्या केलेल्या चौथ्या कोअरचे सेनापती म्हणून ऑक्टोबरच्या प्रारंभी कौल स्वतः दाखल झाले. १२ ऑक्टोबरला श्रीलंकेच्या दौऱ्यावर निघताना पंतप्रधानांनी वार्ताहरांना सांगून टाकले की आपला प्रदेश मोकळा करण्याचे आदेश सैन्याला दिले आहेत. इतिहासात युद्धे अनेक प्रकारे सुरू झाली आहेत. विमानतळावर वार्ताहरांपुढे काढलेल्या उद्गाराने शत्रूला आमंत्रण देण्याचा मान आपल्याला मिळाला.

२० ऑक्टोबरच्या पहाटे चिनी तोफा धडाडल्या. काही तासांत सातवी ब्रिगेड संपली. २ राजपूत पलटण जवळजवळ नामशेष झाली. दळवी शत्रूच्या हाती लागले. चौथ्या कोअरचे सेनापती त्या वेळी आजारी पडून दिल्लीत होते आणि बिछान्यावरून हुकूम देत होते. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात से ला लढाईवाचून सोडला गेला, बोमदिला पडले. ज्या बोमदिलाला थोरात आपल्या सज्ज बळाने शत्रूची वाट पाहणार होते, त्याच बोमदिलात विस्कळीत, दमलेल्या, परतणाऱ्या तुकड्यांची दाणादाण उडाली. योजना तीच असती तर जागा विजयाची झाली असती. योजना गाडल्यामुळे तीच जागा पराभवाची झाली.

सरकारी आकड्यांनुसार त्या युद्धात १,३८३ जवान कामी आले, १,६९६ बेपत्ता झाले, ३,९६८ शत्रूच्या कैदेत गेले. बेपत्ता या शब्दाचा अर्थ हिमालयातील बर्फाला विचारावा. रेझांग ला येथे मेजर शैतानसिंग आणि त्यांचे अहिर जवान शेवटच्या गोळीपर्यंत लढले. शौर्य कुठेही कमी पडले नव्हते. कमी पडले ते दिल्लीतल्या खुर्च्यांवरचे कान.

पराभवाच्या धक्क्यात पंतप्रधानांनी निवृत्त थोरातांना दिल्लीस बोलावून घेतले. १९५९ चे ते टिपण आपल्याला आधी का दाखविले नाही, असे त्यांनी विचारले आणि याचे उत्तर मेनन देऊ शकतील असे थोरातांनी नम्रपणे सांगितले, हा प्रसंग थोरातांनीच लिहून ठेवला आहे. त्यांच्या पंतप्रधानांना या टिपणाची गंधवार्ता नसेल, तर मंत्र्याने राष्ट्राच्या सुरक्षिततेचा कागद दाबला. आणि असेल, तर पंतप्रधानांनी तो वाचूनही मानला नाही. यातले काहीही खरे धरले तरी निर्दोष कोण ठरतो?

बचावाचे तीन मुद्दे

नेहरूभक्त इतिहासकारांकडे या सर्वाला ठरावीक उत्तरे आहेत. ती प्रामाणिकपणे तपासली पाहिजेत.

पहिले उत्तर गरिबीचे. देश नवा होता, पैसा नव्हता, धरणे आणि पोलाद कारखाने सोडून तोफा कोठून आणायच्या? हा युक्तिवाद अन्य कोणाला लागू पडला तरी थोरातांना लागू पडत नाही. त्यांची योजनाच मुळी दारिद्र्याचा हिशेब करून आखलेली होती. तुमच्याजवळ रस्ते नाहीत ना, मग जिथे रस्ता आहे तिथे लढा, असे ते सांगत होते. उलट दुर्गम सीमेवर विखुरलेली ठाणी उभारून त्यांना विमानाने रसद टाकणे हेच गरीब देशाला न परवडणारे होते. गरिबाने उधळपट्टी केली आणि वर गरिबीचे कारण सांगितले.

दुसरे उत्तर ज्येष्ठतेचे. थापर हे सैन्यात थोरातांपेक्षा काही महिन्यांनी ज्येष्ठ होते, तेव्हा त्यांना नेमण्यात अन्याय कोणता? हा मुद्दा खरा आहे आणि तो लपविण्याचे कारण नाही. पण ज्या सरकारने कौलांना वर आणताना ज्येष्ठतेची यादी गुंडाळून ठेवली त्याच सरकारला थोरातांच्या वेळी ती यादी पवित्र का वाटली? नियम एकच असेल तर तो दोघांनाही लागू हवा. नको असलेल्याला अडविण्यासाठी ज्येष्ठता आणि हव्या असलेल्याला चढविण्यासाठी गुणवत्ता, याला नियम म्हणत नाहीत. याला मर्जी म्हणतात.

ज्येष्ठता हे काही वेदवाक्य नव्हे. १९८३ साली एस. के. सिन्हा यांना डावलून अरुणकुमार वैद्य यांना सरसेनापती नेमण्यात आले. वैद्य दोन वेळा महावीरचक्र मिळविणारे रणगाड्यांचे सेनानी, अलिबागचे सुपुत्र. १० ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात दहशतवाद्यांच्या गोळ्यांनी त्यांना हौतात्म्य आले. त्यांच्या योग्यतेविषयी शंका घेणे पाप ठरेल. तरीही सिन्हांसारख्या गुणी अधिकाऱ्याला डावलण्याचे कारण तेव्हाच्या सरकारने देशाला नीट सांगितले नाही, ते गैरच होते. २०१६ च्या डिसेंबरात दोन ज्येष्ठ अधिकाऱ्यांना मागे ठेवून बिपिन रावत यांची नेमणूक झाली तेव्हाही प्रश्न विचारले गेले, आणि लढत्या क्षेत्रातील अनुभव हे कारण पुढे आले. आपला माणूस असो वा परका, आपले सरकार असो वा विरोधकांचे, कसोटी एकच असली पाहिजे. डावलणे कोणत्या निकषावर झाले? रणांगणावरच्या कर्तृत्वाच्या की दरबारातल्या मवाळ जिभेच्या? १९६१ साली कांगॉचा विजेता घरी गेला आणि रणांगण न पाहिलेला अधिकारी मुख्यालयात बसला. निकष कोणता होता हे यावरून दिसते.

तिसरे उत्तर लोकशाहीचे. सैन्यावर लोकनियुक्त सरकारचे नियंत्रण हवे, सेनापतींचे ऐकत बसलो तर शेजारच्या पाकिस्तानसारखी गत होईल. हे उत्तर सर्वांत देखणे आणि सर्वांत पोकळ आहे. निर्णय मंत्र्याने घ्यावा याविषयी वाद नाही. पण निर्णयाचा अधिकार म्हणजे ऐकण्यापासून सुटका नव्हे. आणि थोरातांनी तरी मर्यादा कुठे ओलांडली? त्यांनी टिपण दिले ते वरिष्ठांकरवी. सराव घेतला तो आपल्या अधिकारात. पद नाकारले गेले तेव्हा वृत्तपत्रांत कांगावा केला नाही. निवृत्तीनंतर त्यांनी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपद सांभाळले. युद्धानंतर राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर बोलाविले तेव्हा मान-अपमान विसरून गेले. लोकशाहीला धोका अशा माणसाकडून नसतो. एका मंत्र्याच्या लहरीवर सारी सरहद्द टांगून ठेवणे हाच लोकशाहीचा अपमान आहे, कारण त्या लहरीचा जाब लोकांना कधीच विचारता येत नाही.

ऐकण्याने काय घडते तेही याच देशाने पाहिले आहे. एप्रिल १९७१ मध्ये पूर्व बंगालात ताबडतोब घुसावे असा दबाव असताना माणेकशांनी इंदिरा गांधींना स्पष्ट नकार दिला; पावसाळा येतो आहे, सैन्य सज्ज नाही, वेळ द्या असे सांगितले. पंतप्रधानांनी ऐकले. डिसेंबरात ढाक्याला ९३ हजार शत्रूसैनिकांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी शरणागती पत्करली. सेना तीच, देश तोच, पक्षही तोच. फरक एवढाच की १९६० साली वाटाड्याला हाकलले गेले आणि १९७१ साली त्याचे ऐकले गेले. ज्या माणेकशांना १९६२ पूर्वी चौकशीत गुंतविले होते, त्यांनाच पराभवानंतर कौलांच्या जागी धावाधाव करून पाठवावे लागले, यातला नियतीचा उपरोधही विसरण्याजोगा नाही.

अजून कुलुपात

१९६२ च्या पराभवाची लष्करी चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंदरसिंग भगत यांनी केली. १९६३ साली अहवाल सादर झाला. सहा दशके उलटून गेली, तरी तो अधिकृतपणे प्रसिद्ध झालेला नाही. २०१० साली संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी लोकसभेत सांगितले की त्यातील मजकूर आजही लष्करीदृष्ट्या संवेदनशील आहे. मार्च २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने त्याचा मोठा भाग जगापुढे टाकला. म्हणजे चिनी अभ्यासकाला तो वाचता येतो, भारतीय हुतात्म्याच्या नातवाला त्याची अधिकृत प्रत मिळत नाही.

येथे केवळ काँग्रेसकडे बोट दाखवून राष्ट्रवादी मंडळींना हात झटकता येणार नाहीत. विरोधात असताना हा अहवाल खुला करा अशी मागणी करणाऱ्यांचे सरकार २०१४ साली आले. त्याच वर्षी संरक्षणमंत्री अरुण जेटली यांनी राज्यसभेत सांगितले की अहवाल प्रसिद्ध करणे राष्ट्रहिताचे नाही. मित्र चुकला तर मित्रालाच आधी सांगावे. ज्या पराभवाचे धनी नेहरू आणि मेनन होते त्याचे कागद झाकण्याचे ओझे आपण का वाहायचे? साठ वर्षांपूर्वीच्या रायफली आज नाहीत, पायवाटांच्या जागी रस्ते आले, से लाखालून बोगदा गेला. संवेदनशील उरली आहे ती एकच गोष्ट, राज्यकर्त्यांची अब्रू.

अहवाल खुला करणे हे पहिले पाऊल. दुसरे त्याहून महत्त्वाचे आहे. सरहद्दीवरच्या सेनापतीने लेखी इशारा दिला आणि सरकारने तो नाकारला, तर नाकारण्याचे कारणही लेखी असले पाहिजे आणि ते पंतप्रधानांपर्यंत पोहोचले पाहिजे. थोरातांचे टिपण कागदावर होते. त्याला मिळालेला नकार तोंडी होता. इशारा देणाऱ्याचे नाव इतिहासात राहिले आणि नाकारणाऱ्याची सही कुठेच सापडत नाही. २०२० साली चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ हे पद अस्तित्वात आले, ही चांगली गोष्ट घडली. पण पद निर्माण केल्याने कान निर्माण होत नाहीत. उद्या एखाद्या थोरातांचे टिपण त्या कार्यालयातूनही परतवले जाऊ शकते. नकारावर सही करावी लागली तर मंत्र्याचा हात दोनदा थांबेल. दोनदा थांबलेला हात कदाचित एक ब्रिगेड वाचवील.

शंकरराव थोरात १९९२ साली गेले. त्यांची कारकीर्द सरसेनापतीच्या खुर्चीपर्यंत पोहोचली नाही म्हणून हळहळणारे हळहळोत. त्या खुर्चीपेक्षा त्यांच्या टिपणाची योग्यता मोठी होती. कोल्हापूरच्या तालमींत, साताऱ्याच्या सैनिकी शाळेत, भरतीच्या मैदानांवर धावणाऱ्या मराठी तरुणांना कांगॉची टेकडी सांगावी, कोरियाची छावणी सांगावी आणि लखनौचा लाल किल्लाही सांगावा. शत्रूपुढे उभे राहायला जसे धैर्य लागते, तसेच मंत्र्यापुढे खरे बोलायलाही लागते, आणि दुसऱ्या धैर्यासाठी कोणतेही पदक नसते.

दाभोशाच्या कड्यावर आजही पावसाळ्यात धुके उतरते. गावचा वाटाड्या हात आडवा धरून पाहुण्याला थांबवतो. पाहुणा थांबतो, धुके ओसरते आणि मग त्याला दिसते की आपण दरीपासून दोन पावलांवर उभे होतो. जव्हारच्या आदिवासी पाड्यांतल्या माणसाला जेवढा मान तिथे मिळतो, तेवढा मान भारतमातेच्या सरहद्दीवरील सेनापतीला दिल्लीत मिळावा, ही काही फार मोठी मागणी नाही.